चलानचा फोटो व्हॉट्सॲपवर आहे, पण नोंदीला जोडलाय का?

समजा, एका बिल्डरची तळेगावची साईट संपत आलीय. तिथे ५ टन सळई उरलीय आणि त्याच्याच बाणेरच्या साईटवर ती हवीय. ट्रक भरला, चलान बनलं, माल निघाला. बाणेरच्या स्टोअरकीपरने सळई उतरवून घेतली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'माल मिळाला.'

झालं काम? माल पोचला, हे खरं. पण तीन वर्षांनी कुणी विचारलं की ही सळई कुठल्या कारखान्याची, कुठल्या दर्जाची, काट्यावर किती भरली, तर उत्तर कुठे शोधणार?

हा प्रश्न फक्त बिल्डरचा नाही. त्या इमारतीत २० वर्षांचं कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्याचाही आहे. कसा, ते बघूया.

कागद मागेच का राहतात?

कारखान्यातून सळई येते तेव्हा तिच्यासोबत मिल टेस्ट सर्टिफिकेट येतं. त्यावर हीट नंबर असतो, म्हणजे ही सळई पोलादाच्या नेमक्या कुठल्या घाण्यातली आहे ते कळतं. ताकदीचे आणि रासायनिक घटकांचे आकडे असतात. आयएस १७८६ या भारतीय मानकाशी ते ताडून बघता येतात.

हे सर्टिफिकेट पहिल्या साईटच्या फाइलीत लागतं. पुढे सळई दुसऱ्या साईटवर जाते, तेव्हा सोबत फक्त चलान जातं. बंडलवरचा टॅग वाटेत तुटला की सळई आणि सर्टिफिकेट यांचा संबंध संपला.

मग सरकारी कागद असतात ना? असतात. एकाच राज्यात, एकाच जीएसटी नोंदणीखाली माल हलवला तर ती विक्री नसते. त्यामुळे टॅक्स इनव्हॉइसऐवजी डिलिव्हरी चलान चालतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर ई-वे बिलही लागतं. पण या कागदांचा उद्देश कर आणि वाहतूक हा आहे. माल किती, कुठून कुठे, कुठल्या गाडीतून, एवढं त्यातून कळतं. सळईचा दर्जा कळत नाही.

सॉफ्टवेअर इथे काय करतं?

मोठ्या बांधकाम कंपन्या आता मालाच्या या हालचाली सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतात. अशा प्रत्येक नोंदीला फाइल जोडता आली, तर काट्याची पावती, सही झालेलं चलान, मिल सर्टिफिकेट आणि माल उतरवतानाचे फोटो त्या नोंदीसोबतच राहतात. साईट बदलली, स्टोअरकीपर नोकरी सोडून गेला, तरी कागद हरवत नाहीत.

पण स्टोअरकीपरचं मोबाइल ॲप वेगळं, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर वेगळं आणि हेड ऑफिसचं वेगळं. ही एकमेकांशी बोलतात ती एपीआयमधून. एपीआय म्हणजे ठरलेली खिडकी. ठरलेल्या नमुन्यात मागणी करा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळेल.

फाइल जोडणं हे बऱ्याचदा एका दमात होत नाही. प्रोकोरसारख्या बांधकाम सॉफ्टवेअरमध्ये आधी फाइल अपलोड होते आणि तिचा एक ओळख क्रमांक मिळतो. मग तो क्रमांक नोंदीत टाकावा लागतो. देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. चपला दिल्या की टोकन मिळतं. टोकन हरवलं तर चपला असतात तिथेच, पण कुणाच्या ते सांगता येत नाही.

इथेही तसंच होतं. बेसमेंटमध्ये रेंज गेली, पहिली पायरी पूर्ण झाली आणि दुसरी राहिली, तर फोटो सर्व्हरवर पडून राहतो आणि नोंद रिकामी दिसते. ॲपने पुन्हा प्रयत्न केला तर तीच फाइल दोनदाही जाऊ शकते. म्हणून 'अपलोड झालं' एवढ्यावर थांबायचं नसतं. 'नोंदीला जोडलं गेलं' हे उत्तर आलं का, ते सॉफ्टवेअरने तपासायला हवं.

व्हॉट्सॲपवरचा फोटो का पुरत नाही?

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान केला जातो आणि त्यातली ठिकाण, कॅमेरा अशी मूळ माहिती निघून जाते. वाद झाला तर हे महागात पडू शकतं.

जालना विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक वाद आठवत असेल. २०१४ साली अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी जिंकले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, हा मुद्दा होता आणि व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं. याच खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. फोटोत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. फाइल जोडली त्याच क्षणी हा ठसा, वेळ आणि जोडणाऱ्याचं नाव नोंदवलं गेलं, तर नंतर केलेला बदल लपत नाही.

मग सगळं सुरक्षित झालं?

नाही. काटा न करताच कुणी जुनी पावती जोडली, तर खोटी पावती नीट जपली जाईल, एवढंच. एपीआय कागद जोडून देतं. तो कागद खरा आहे का, हे माल उतरवून घेणाऱ्यानेच बघायचं. दुसरा मुद्दा अधिकारांचा. ज्याला फाइल जोडता येते, त्यालाच ती गुपचूप काढूनही टाकता येत असेल, तर त्या नोंदीवर विश्वास कसा ठेवायचा?

आपला संबंध काय?

रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. दोष नेमका कशामुळे आला यावर वाद झाला, तर सळई कुठून आली हा प्रश्न येऊ शकतो.

ताबा मिळाल्यावर आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे मिळण्याचा हक्कही हाच कायदा देतो. सोसायटीचे कागद ताब्यात घेताना आपण नकाशे, लिफ्ट आणि पार्किंगबद्दल विचारतोच. त्या यादीत आणखी एक ओळ घाला: इमारतीत वापरलेल्या सळईची आणि सिमेंटची टेस्ट सर्टिफिकेट्स, दुसऱ्या साईटवरून आणलेल्या मालाचीसुद्धा.