पाहुणचार तीन दिवसांचा

दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच देशाबाहेर गेले. रिद्धपूरच्या शाळेत माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण लग्नानंतर शारजाला गेली, त्याला सोळा वर्षे झाली. "एकदा तरी ये गं," हा तिचा दरवर्षीचा आग्रह. यंदा योग आला.

तिच्या अम्मीने, म्हणजे आमच्या खालाने, ज्वारीचे पीठ, कुरड्या आणि मोर्शीकडची संत्री बांधून दिली. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मात्र मागण्यांची यादी दिली. कुणाला अत्तर, कुणाला घड्याळ, एकाला तर मोबाईल. परदेशात राहणाऱ्याकडे पैसा असतोच, ही आपली समजूत. यादी मी पर्समध्ये ठेवली.

पहिले दोन दिवस मैत्रिणीने मला दुबई दाखवली. एका दिरहममध्ये लाकडी होडीतून खाडी ओलांडली. देराच्या मसाला बाजारात केशर आणि लवंगांचा वास घेत हिंडलो. मेट्रोत बायका-मुलांसाठी वेगळा डबा पाहून मला आपली मुंबईची लोकल आठवली. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा खालूनच पाहिला. वर जायचे तिकीट ती काढत होती, मीच नको म्हटले. रात्री ती गावाबद्दल विचारी. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले हे तिला ठाऊक होते, पण ते नेमके कोणत्या बाजूला, हे तिने तीनदा विचारले.

तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले आणि दारातच थबकले. स्वयंपाकघराच्या फरशीवर चटई टाकून ती दोन्ही मुलांना घेऊन झोपली होती. भाईजान 'रात्रपाळीला' नव्हते, मित्राच्या खोलीवर गेले होते. घरातली एकुलती एक झोपण्याची खोली मला दिली होती.

सकाळी खोदून विचारले, तेव्हा बाकीचे कळले. दुबईत घरभाडे परवडत नाही म्हणून हजारो कुटुंबे शारजात राहतात आणि रोज रहदारीत तासन्‌तास अडकून दुबईत कामाला जातात. भाड्याचे चेक आगाऊ द्यावे लागतात. माझ्यासाठी तिने बिनपगारी रजा घेतली होती.

मेहमाननवाजी तीन दिवसांची, पुढचा तो सदका. आणि यजमान अडचणीत येईल इतके पाहुण्याने राहू नये, ही शिकवण मी मुलांना वर्गात सांगते. माझे तिकीट आठ दिवसांचे, बदलता न येणारे. मग चौथ्या दिवशी तिला कामावर पाठवले, भाईजानना घरी बोलावले आणि मुलांसोबत चटईवर माझे अंथरूण टाकले. संध्याकाळी ती आली तेव्हा भाकरी आणि ठेचा तयार होता. जेवून म्हणाली, "आज तू पाहुणी वाटली नाहीस." सोळा वर्षांनंतर त्या रात्री आम्ही खऱ्या बोललो.

निघताना तिने हात धरला. "अम्मीला काही सांगू नकोस."

इथे आल्यावर खाला दारातच भेटली. "माझी पोर सुखात आहे ना?" मैत्रिणीचे गुपित अमानत होते आणि आईशी खोटे बोलवत नव्हते. चटईचे मी सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "खाला, घर लहान आहे, पण घरात भांडण नाही. कमाई कष्टाची आहे. आता तिच्याकडे कुणाला काही मागू देऊ नका. फोन आला की आधी 'जेवलीस का' विचारा."

खाला बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी तर दर वेळी 'काय पाठवतेस' हेच विचारत होते गं."

भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांतले कुणी ना कुणी आखातात आहे. त्यांचे हसरे फोटो आपल्याला दिसतात, फोटोबाहेरचे घर दिसत नाही. तिकडे जाल तेव्हा तिसऱ्या दिवसानंतर पदर खोचून कामाला लागा, आणि इथून यादी पाठवण्याआधी थोडे थांबा.

ज्यांनी यादी दिली होती, त्यांना मी माझ्या पैशांचे खजूर वाटले. दोघी-तिघी अजून रुसलेल्या आहेत.