पुढची चाल कोणाची?

बैठकीत काय वाजलं यावर आपण भरपूर बोलतो. ते वाजवायचं कोणी ठरवलं आणि कशाकडे बघून ठरवलं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते बैठक टिकते की मोडते ते बरंचसं याच प्रश्नावर ठरतं. हा प्रश्न मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो आयर्लंडमध्ये, तिथल्या पारंपरिक संगीताच्या 'सेशन'मध्ये. शिक्षणासाठी मी दोन वर्षं गॉलवेला होते. व्हायोलिन बरोबर नेलं होतं, त्यामुळे आठवड्यातल्या एक-दोन संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सेशनला जाऊन बसायचे. तिथे जे पाहिलं त्यावरून माझं एक मत बनलं आहे, ते इथे मांडते.

आधी सेशन म्हणजे काय ते सांगते. पबच्या एका कोपऱ्यात पाच-सहा, कधी पंधरा-वीस वादक गोल करून बसतात. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, शिवाय लाकडी बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, अकॉर्डियन, बॅन्जो, कोपराने भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स, डफासारखं बोरान, एखादी गिटार. स्टेज नसतं, समोर नोटेशनचा कागद नसतो. वादकांची तोंडं एकमेकांकडे असतात. श्रोत्यांकडे पाठ झाली तरी कोणाला काही वाटत नाही. कोणीतरी एक चाल सुरू करतो, ज्यांना ती येते ते त्यात मिसळतात, ज्यांना येत नाही ते ऐकतात. गिटार आणि बोरान साथीला असतात, बाकी सगळे मिळून तीच एक चाल वाजवतात.

मुद्दामच 'चाल' म्हणते आहे, कारण 'ट्यून' म्हटलं की आपल्याला सिनेमाचं गाणं आठवतं. आयरिश चाली मुख्यतः नाचासाठीच्या. रील चार-चारच्या लयीत धावते, जिग सहा-आठच्या लयीत उड्या मारते, स्लिप जिग नऊ-आठची. शिवाय हॉर्नपाइप, आणि केरी-कॉर्ककडच्या पोल्का आणि स्लाइड. बहुतेक चाली दोन भागांच्या. प्रत्येक भाग आठ बारचा आणि तो दोनदा वाजवायचा, म्हणजे एक आवर्तन 32 बारचं. रीलचं एक आवर्तन अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतं. म्हणून एकच चाल वाजवून सहसा कोणी थांबत नाही. ती दोन-तीनदा वाजवायची, ठेका न सोडता दुसऱ्या चालीत शिरायचं, तिथून तिसरीत. अशा दोन-तीन चालींच्या माळेला 'सेट' म्हणतात. माळ कशी ओवायची हे बहुधा ज्याने सुरुवात केली तोच ठरवतो. बदलायच्या आधी तो भुवई उंचावतो, नाहीतर 'हप!' करून ओरडतो, आणि पुढच्या क्षणी सगळ्यांनी ओळखायचं असतं की आता कुठे चाललोय.

ही निवड दिसते तितकी मोकळी नाही. शक्यतो रीलला रीलच जोडतात, जिगला जिग. मग पट्टीचा प्रश्न येतो. आयरिश बासरी, व्हिसल आणि पाइप्स बहुधा डीच्या, म्हणजे आपल्या पांढरी दोनच्या. त्यांच्यावर पांढरी दोन आणि पांढरी पाच सहज वाजतात, आणि त्याच सुरांतून निघणाऱ्या बाकीच्या चालीही. 'मॉरिसन्स' नावाची जिग घ्या. ती पांढरी तीनवर टेकते, पण सूर पांढरी दोनच्या मेजरचेच. आपल्या कानाला ती काफी थाटातली वाटेल. पांढरी दोनच्या एखाद्या जिगवरून 'मॉरिसन्स'वर गेलं की सूर तेच राहतात, षड्ज तेवढा हलतो, आणि खोलीतला उजेड बदलल्यासारखं होतं. उलट पांढरी पाचवरून पांढरी दोनवर उडी मारली की मंडळी एकदम खुर्चीत ताठ होतात. सेट जमला असं म्हणतात तेव्हा बरंचसं श्रेय अशा वळणांचं असतं.

आणि इथेच खरी मेख आहे. फिडलवाल्याला पांढरी चार किंवा काळी पाचही जमते. बासरीवाल्याला त्या पट्टीत अर्धी भोकं झाकत कसरत करावी लागते. एका संध्याकाळी बाहेरगावचे तिघे फिडलवाले आले. वाजवायचे अप्रतिम. पाऊण तास त्यांनी एकामागून एक याच पट्ट्यांमधल्या दुर्मीळ चाली काढल्या. पबमध्ये टाळ्या पुष्कळ पडल्या. माझ्या शेजारी बासरीवाले एक आजोबा बसले होते, दर आठवड्याला न चुकता येणारे. ते बासरी मांडीवर ठेवून ऐकत राहिले. मग त्यांनी ती पुसली, तुकडे वेगळे करून पेटीत ठेवले, सगळ्यांना हात केला आणि गेले. कोणी कोणाचा अपमान केला नव्हता. एकही सूर चुकला नव्हता. तरी माझ्या लेखी त्या रात्री सेशन मोडलं होतं आणि तिघांचा कार्यक्रम तेवढा चालू होता.

म्हणून माझं म्हणणं असं: सेशनमध्ये चाल निवडणं हे वाढप्याचं काम आहे. पंगतीत वाढणारा स्वतःला काय आवडतं ते बघत नाही, कोणाचं पान रिकामं आहे ते बघतो. सुरू करणाऱ्याने धनू उचलण्याआधी एकदा गोलाकडे नजर फिरवावी. कोण किती वेळ गप्प बसलंय? कोणाच्या हातात कोणतं वाद्य आहे? नवा मुलगा कुठल्या वेगापर्यंत टिकतो? चांगल्या सेशनमध्ये हे होतंच. पाहुणा आला की त्याला 'तुम्ही एक सुरू करा' म्हणतात, आणि त्याने हळू सुरू केली तर तालेवार वादकही त्याच्याच वेगाने वाजवतात. 'केश'सारखी शंभरदा वाजवून झालेली जिग ते नवशिक्याबरोबर पुन्हा मनापासून वाजवतात, तेव्हा मला त्यांच्या सगळ्या कौशल्यापेक्षा त्याचं जास्त कौतुक वाटतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सगळ्यांना येतं तेच वाजवायचं ठरवलं तर थोड्याच वर्षांत सगळीकडे त्याच चार चाली उरतील. मग बाकीच्यांचं काय? फ्रान्सिस ओ'नील हा कॉर्कचा माणूस शिकागोत पोलीसप्रमुख झाला आणि त्याने 1903 साली छापलेल्या संग्रहात 1850 चाली आहेत. मी ज्या सेशनना जायचे तिथे वर्षभर फिरून फिरून आलेल्या चाली माझ्या वहीच्या अर्ध्या पानांत मावल्या. उरलेल्या कोणी वाजवायच्या?

हा धोका काल्पनिक नाही, तो एकदा घडून गेला आहे. स्लायगोचा मायकेल कोलमन 1914 साली अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच्या फिडलच्या रेकॉर्डी निघाल्या. त्या बोटीने परत आयर्लंडच्या गावागावांत पोचल्या. लोक त्या इतक्या ऐकत की आपल्या गावची चाल, आपला बाज सोडून कोलमनसारखं वाजवू लागले. त्याने 1934 साली ध्वनिमुद्रित केलेला 'टारबोल्टन', 'लाँगफोर्ड कलेक्टर', 'सेलर्स बॉनेट' हा रीलचा सेट आजही त्याच क्रमाने वाजतो. पहिली सुरू झाली की पुढच्या दोन कुठल्या हे कोणी विचारत नाही. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात बसवलेली माळ नव्वद वर्षं टिकली. सेट सुंदर आहे, मीही तो आवडीने वाजवते. पण अशी आयती माळ आली की सुरू करणाऱ्याला गोलाकडे बघायची गरज उरत नाही. 1975 साली बोदी बँडच्या पहिल्या रेकॉर्डने पुढच्या पिढीला अशाच आयत्या माळा दिल्या.

त्यामुळे काही ठिकाणी सेटची यादी करून वाटतात ती मला पसंत नाही. शिकणाऱ्यांसाठी जी संथ सेशनं असतात तिथे यादी जरूर असावी, नाहीतर नव्या मुलांनी घरी काय घोटायचं? पण नेहमीच्या सेशनला यादी लावली की निवड कागदाकडे जाते आणि माणसं नुसती हुकूम पाळतात.

मग दुर्मीळ चालीचं काय करायचं? मला उत्तर सेटमध्येच दिसतं. पहिली चाल सगळ्यांची घ्यावी, दुसरीही बहुतेकांची, आणि तिसरी आपली, अनोळखी. पहिल्या दोन वाजवून झालेल्या माणसाचे हात गरम असतात, मनात राग नसतो. तो तिसरी कान देऊन ऐकतो. तीच तिसरी पुढच्या आठवड्यात पुन्हा आणावी, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. महिन्याभरात दोघं-तिघं ती वाजवायला लागतात आणि मग ती त्या सेशनची होते. उलट एका रात्रीत दहा अनोळखी चाली ऐकवल्या तर एकही कोणाच्या हाताला लागत नाही. दुर्मीळ चाल जपायची असेल तर तिला माणसं मिळवून द्यायला हवीत, आणि माणसं अशी हळूहळूच मिळतात.

यात ऐकणाऱ्याचीही जबाबदारी आहे, ती मी सोडत नाही. 'मला येत नाही' म्हणून वर्षानुवर्षं तेच तेच मागणाराही सेशन मारतोच. जी चाल येत नाही ती परवानगी घेऊन फोनवर टिपून घ्यावी, नाव विचारावं. नाव बऱ्याचदा कोणालाच माहीत नसतं. म्हणून आयरिशमध्ये अशा चालीपुढे 'गान आन्यम', म्हणजे 'बिननावाची', असं लिहितात. मग घरी बसवून यावं. वाढप्याने पान बघायचं, तसं जेवणाऱ्यानेही नवा पदार्थ चाखायचा.

सेशन फार प्राचीन आहे असा आपला समज होतो, पण पबमध्ये गोल करून बसायची ही पद्धत तशी अलीकडची. पूर्वी वादक घरोघरच्या आणि चव्हाट्यावरच्या नाचांना वाजवत. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू झाला, आणि त्या सुमाराला गावंही ओस पडत चालली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये मजुरीला गेलेले आयरिश लोक पबमध्ये एकत्र वाजवू लागले, आणि 1951 नंतरच्या संगीतमेळाव्यांमधून ही रीत आयर्लंडभर पसरली. क्लेअरचा, मेयोचा, केरीचा माणूस एका टेबलाशी बसला की प्रत्येकाच्या चाली वेगळ्या. 'तुला ही येते का?' असं विचारल्याशिवाय सुरूच करता येत नसणार. बडोदा-इंदूरच्या गणपतीत आरतीला उभं राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. कोकणातला एक चाल धरतो, नागपूरचा दुसरी, आणि दोन कडव्यांत कोणीतरी समजूतदार माणूस सगळ्यांना जमेल ती लय पकडतो.

आपल्या गोव्यातही ही जाण आहे. मांडो संपला की दुलपदं जोडत जातात, तेव्हा पुढचं कुठलं घ्यायचं हे गाणाऱ्यांच्या घोळक्यावर ठरतं. भजनात सुरुवात रूपाच्या अभंगाने आणि शेवट भैरवीने, हे ठरलेलं. मधला भाग बुवांचा. आमच्या गावचे बुवा अभंगाची चाल उचलायच्या आधी मागे टाळ घेऊन कोण बसलंय ते वळून बघत. झील धरता येणार नाही अशी चाल ते घेत नसत. स्पर्धा आल्या तशी बुवांची नजर मागून पुढे, परीक्षकांकडे वळली. आयर्लंडमध्ये पर्यटकांच्या गावांत पैसे देऊन बसवलेले वादक आणि समोर माइक आला की हेच होतं: निवड गोलासाठी न होता टेबलांसाठी होते.

2021 साली डब्लिनच्या स्मिथफील्डमधल्या कॉबलस्टोन या पबच्या जागेवर हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. सेशनसाठी नावाजलेला हा पब. लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि नगर परिषदेने परवानगी नाकारली. जागा वाचली याचा मला आनंद आहे. पण मोर्चा काढून जागा वाचते, आत बसलेला गोल वाचत नाही. तो दर आठवड्याला, दर सेटला, कोणीतरी 'ही सगळ्यांना येते ना?' असं विचारून वाचवावा लागतो. ते बासरीवाले आजोबा परत यावेत असं वाटत असेल तर त्यांच्या पट्टीतली एक चाल आधी घ्यायला हवी.

आपल्या कॉलेजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांचा गट आहे, आणि आपल्या वाङ्मय मंडळाच्या कवितावाचनालाही गोल करूनच बसतात. पुढच्या वेळी सगळ्यात तयारीच्या मुलाने सुरुवात करण्याआधी आजूबाजूला एकदा बघावं आणि जो सगळ्यात कमी बोलला असेल त्याला विचारून काय घ्यायचं ते ठरवावं. करून बघा, आणि काय झालं ते मला जरूर कळवा.