समतोल तुमचा, भार जिजाईचा

प्रपंच आणि परमार्थ यांचा समतोल कसा साधावा, यावर निगडी-प्राधिकरणात व्याख्यानं झडतात. मंचावर झब्ब्यातले वक्ते, समोर चाकणच्या कंपन्यांतले सुपरवायझर-मॅनेजर. दाखला ठरलेला: तुकोबा. आणि हशा हवा असला की त्यांची दुसरी बायको जिजाई, म्हणजेच आवली. कजाग, तोंडाळ, नवऱ्याची थोरवी न कळलेली बाई! सभागृह खदखदतं. माझं डोकं फिरतं.

अहो, त्या बाईचा गुन्हा काय? घरात दाणा नाही, हे तिने मोठ्याने सांगितलं. १६२९-३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको रखमा अन्न अन्न करत गेली, लेक संतूही गेला. त्याच घरात मडकं रिकामं दिसल्यावर जिजाईने काय ओव्या गायच्या होत्या? पुण्याच्या गुळवे सावकारांची ती लेक. माहेरी निघून जाता आलं असतं. गेली नाही. नवरा भंडाऱ्यावर जाऊन बसला की भाकरी बांधून, ऊन तुडवत डोंगर चढायची, त्याला जेवू घातल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही, असं परंपराच सांगते. म्हणजे कर्कशा तीच, आणि चरितार्थाचा आधारस्तंभही तीच. दोन्ही गोष्टी एकाच कीर्तनात बिनदिक्कत सांगतात, आणि विसंगती कुणाला टोचत नाही!

इंद्रायणीत कर्जखतं बुडवल्याचा प्रसंग वक्त्यांना फार लाडका. पण तो ते अर्धाच सांगतात. भाऊ कान्होबाचा वाटा तुकोबांनी आधी काढून त्याच्या हाती दिला; बुडवला तो फक्त स्वतःचा. दुसऱ्याच्या हक्काला हात न लावणारं वैराग्य आहे ते.

आणि तुमचं? पिंपरी-भोसरी पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. मुलांची शाळा मात्र चालू. म्हणजे तुमच्या बायकोची सुट्टी कधी? एरवी फर्स्ट शिफ्टच्या बससाठी ती चारला उठून डबा करते. गुरुवारीही पोरांचे डबे, सासूच्या गोळ्या, पाण्याच्या टँकरची वाट, सगळं तिच्याच गळ्यात. तुम्ही तिनेच धुतलेला पांढरा सदरा चढवून सत्संगाला जाता आणि परतल्यावर तिलाच ऐकवता, "तू फार अडकलीस गं संसारात." हा निष्काम कर्मयोग नव्हे, चक्क कामचुकारपणा आहे. आळंदीचे विठ्ठलपंत बायकोला मागे ठेवून काशीला संन्यासी झाले होते. खरं कळताच त्यांच्या गुरूंनी त्यांना घरी पाठवलं. तुमचे गुरू तुम्हाला पुढच्या शिबिराची पावती देतात.

१६५० साली तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती, असं सांगतात. जन्मला तो नारायण. त्याच नारायणमहाराजांनी १६८५ साली देहूची पालखी सुरू केली. तिच्या आकुर्डीच्या मुक्कामाला तुम्ही फुलं उधळता, सेल्फी काढता. ते पोर बापाविना वाढवलं कुणी? पुढच्या व्याख्यानात आवलीवर कुणी हसलं, तर मी उभी राहून हेच विचारणार आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसणार नाही.