क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही!

मंडळी, आमच्या बीडात कुणी जोरदार गाडी घेतली की सल्ला ठरलेला: 'प्लेट बदलताना सिरॅमिकच टाक, हॉर्सपॉवर जास्त आहे!' अरे बाबांनो, क्लचला कळतो तो टॉर्क. गणित करा. 150 हॉर्सपॉवरची गाडी 5500 आरपीएमला साधारण 190 न्यूटन-मीटर देते, 50 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर 2000 ला 175. पॉवर तिप्पट, टॉर्क जवळपास सारखाच!

मग उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची प्लेट का जळते? ओझं जागचं हलवताना ती बराच वेळ घसरते, तापते. वर ड्रायव्हरचा पाय कायम पेडलवर. सिरॅमिक ती उष्णता सोसतं, कबूल. पण पकडतं झटक्यात, आणि हिसका गिअरबॉक्सला नि हुकाला बसतो. हंगामात त्याच ट्रॉलीत संसारासकट निघालेली ऊसतोड कुटुंबं बसलेली असतात, हे विसरू नका.

तेव्हा आधी टॉर्क बघा, मग वापर. टॉर्क खरंच वाढवला असेल तर जरा कडक प्रेशर प्लेट घ्या, त्यावर साधी ऑरगॅनिक प्लेट. जालना रोडच्या गर्दीत रेसट्रॅकचा क्लच म्हणजे नुसते हिसके. पटत नसेल तर जरूर भांडा, पण आकडे घेऊन या!