खुकरीचा कप्तान

डिसेंबर आला की १९७१ च्या युद्धाच्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरू लागतात. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांची त्यात हमखास असते. ती बहुतेकदा अशी... जहाज बुडालं तर कप्तानाने त्याच्याबरोबर बुडायचं हा नौदलाचा नियम, आणि मुल्लांनी तो पाळला.

मंडळी, मला हे पटत नाही. असा नियम नाही. परंपरा म्हणून बोललं जातं, पण ते वेगळं. नुसता नियम पाळला म्हणून कोणी महावीर चक्र देत नाही.

९ डिसेंबरची रात्र. कराचीवर आपल्या क्षेपणास्त्र नौकांचे दोन हल्ले झाले होते. आम्ही कॉलेजातली मुलं तेव्हा खिडक्यांना काळे कागद लावून रेडिओला चिकटून बसायचो. त्याच रात्री दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर खुकरी आणि कृपाण ही दोन फ्रिगेट्स पाकिस्तानी पाणबुडी शोधत होती. पण पाणबुडीनेच त्यांना आधी हेरलं. नवाच्या सुमाराला हंगोरचा टॉर्पेडो खुकरीवर आदळला आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं.

त्या मिनिटांत मुल्लांनी काय केलं? जहाज सोडण्याचा हुकूम दिला. माणसं बाहेर काढायला उभे राहिले. स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं. सन्मानपत्रात एक गोष्ट आहे, ती या संदेशांतून नेमकी गळते. जमेल तितक्या माणसांना जहाज सोडायला लावल्यावर, सुटकेसाठी आणखी काही करता येतं का ते बघायला ते ब्रिजवर परत गेले. म्हणजे मरायला गेले नाहीत हो, वाचवायला गेले! मुलांना गोष्ट सांगताना हा फरक सांगायला हवा, नाहीतर मरण्यालाच शौर्य म्हणतात असं त्यांना वाटतं.

१८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. ६७ जण वाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी समुद्रातून उचललं.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. खुकरीच्या सोनारचा पल्ला तोकडा होता. हंगोर फ्रेंच बनावटीची, नवी, तिला लांबचं ऐकू येत होतं. त्यात सोनारची ताकद वाढवणारं एक प्रायोगिक उपकरण खुकरीवर होतं, त्यासाठी जहाज हळू चालवावं लागे. पाणबुडीच्या टापूत हळू चालणारं जहाज म्हणजे काय, ते सांगायला नकोच. अशी जहाजं तिथे का पाठवली, हा प्रश्न नंतर विचारला गेला. तो काढला की काही जणांना शहिदांचा अपमान वाटतो. मला वाटत नाही. ज्या घरांतून १९४ माणसं गेली, त्या घरांना तो विचारायचा हक्कच आहे. मुल्लांना हार घालायचा आणि सोनारबद्दल गप्प बसायचं, हे सोयीचं आहे खरं, पण त्यांच्या खलाशांवर अन्याय करणारं आहे.

दीवला समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. आपल्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी खुकरीही २०२१ साली निवृत्त झाल्यावर दीवलाच दिली. सोमनाथ-गीरच्या सहलीत दीव बहुतेक असतंच, तेव्हा नातवंडांना तिथे जरूर न्या.