दूरचा ब्लूज, जवळचा जलसा : रेकॉर्ड-संग्राहकांच्या कानाविषयी

१/ अमेरिकेत १९२० च्या दशकात ब्लूजच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यांच्या काळ्या अंगात लाख होती. आणि जगाच्या बाजारातली लाख बहुतांशी हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून जात असे. मिसिसिपीच्या कापूस-मजुराचा आवाज असा आदिवासींनी खरवडलेल्या लाखेवर कोरला गेला. युद्धामुळे ही आवक धोक्यात आली, तेव्हा एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. ‘जुनी तबकडी द्या, मग नवी घ्या’ असा व्यवहार दुकानांत सुरू झाला आणि किती ब्लूज त्यात वितळला याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

२/ आज मुंबई-पुण्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत विनाइल रेकॉर्ड जमवणारा एक तरुण वर्ग उभा राहिला आहे. त्यातल्या बऱ्याच जणांचा ओढा सोल, फंक आणि ब्लूज यांच्याकडे आहे. ही हौस चांगली आहे. तक्रार हौसेविषयी नाही. जुन्या बाजारातल्या एकाच खोक्यात जेम्स ब्राउन आणि प्रल्हाद शिंदे शेजारी सापडले, तर हा हात कोणाकडे जातो आणि कोणाला परत खोक्यात टाकतो, याविषयी हा धागा आहे.

३/ प्रथम इतिहास. १० ऑगस्ट १९२० रोजी मॅमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायिले. तबकडीचा क्रमांक ४१६९. ती इतकी खपली की कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळ्या मालिका काढल्या आणि त्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ असे नाव दिले. बिलबोर्ड साप्ताहिकाने १९४९ मध्ये ते नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केले, १९६९ मध्ये ‘सोल’ केले. पाटी बदलली तरी मांडणी तीच राहिली : हा माल अमुक वस्तीचा.

४/ त्या काळच्या कृष्णवर्णीय सुशिक्षितांनाही ब्लूजची लाज वाटे. हॅरी पेस यांनी १९२१ मध्ये ब्लॅक स्वान ही स्वतःच्या समाजाची कंपनी काढली, तेव्हा आपल्या लोकांची प्रतिमा उंचावण्यासाठी ‘सभ्य’ संगीतावर भर दिला. बेसी स्मिथ त्यांना फार रांगड्या वाटल्या. पुढे त्याच बेसी स्मिथ यांनी कोलंबिया कंपनीला मालामाल केले.

५/ मग संग्राहक आला. ब्रुकलिनमध्ये वायएमसीएच्या एका खोलीत राहणारा जेम्स मॅकून हा गोरा माणूस १९४४ मध्ये चार्ली पॅटनची एक घासलेली तबकडी घेऊन घरी गेला आणि थक्क झाला. त्याच्या खाटेखालच्या खोक्यातून पुढच्या पिढीचे ब्लूजप्रेम जन्मले असे म्हणतात, आणि ते फारसे अतिशयोक्त नाही. पॅटनच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट कंपनी मुळात विस्कॉन्सिनच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. फोनोग्राफची लाकडी कपाटे खपावीत म्हणून तबकड्या. धंदा बुडाल्यावर मूळ धातूचे साचे मोडीत गेले. उरल्या त्या लोकांच्या घरातल्या प्रती.

६/ त्या प्रती कोणी वाचवल्या? संग्राहकांनी. मिसिसिपीत दारोदार हिंडून, ‘जुन्या तबकड्या आहेत का’ असे विचारत. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याच संग्राहकांनी अस्सल कोण हेही ठरवले. एकटा, गिटारवाला, खेड्यातला, दुर्लक्षित पुरुष तो खरा ब्लूज. आणि ज्या गायिकांच्या तबकड्या त्यांच्या समाजाने लाखोंनी विकत घेतल्या, त्या ‘बाजारू’. दुर्मिळता हीच गुणवत्ता झाली. ज्यांचे दुःख त्या तबकडीत होते त्यांना निवडीत मत नव्हते.

७/ इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात ‘नॉर्दर्न सोल’चे वेड आले तेव्हा हेच वेगळ्या रीतीने घडले. विगन कसिनोमध्ये रात्रभर नाचणाऱ्यांसाठी डीजे अज्ञात अमेरिकी रेकॉर्ड शोधून आणत आणि दुसऱ्याला सुगावा लागू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून गायकाचे नावच झाकत. फ्रँक विल्सन यांची १९६५ ची एक रेकॉर्ड २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. नाव झाकले गेलेल्या गायकांपैकी कित्येकांना आपल्या गाण्यावर परदेशात कोणी नाचते आहे हेही ठाऊक नव्हते.

८/ आता मराठवाड्यात या. १९ जून १९५० रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, परिसर नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकलेले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली होती. हा धागा नागसेनवनात तुटला नाही. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले आणि त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांची ओळख इथल्या तरुणांना करून दिली. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ १९६७-६८ मध्ये याच शहरात उभे राहिले. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून.

९/ म्हणजे मराठवाड्याने कृष्णवर्णीय अमेरिका वाचली. ऐकली मात्र नाही. रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन यांची नावे चर्चेत आली. अरीथा फ्रँकलिन आल्या नाहीत. पुस्तक टपालाने येते, उसने देता येते. परदेशी एलपी, तिला लागणारे यंत्र आणि ते लावण्यापुरती खोली ही विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला परवडणारी गोष्ट नव्हती.

१०/ मुंबईत हे संगीत होते, पण कोणाच्या दाराआड? १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांनी कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आणला. पुढे टेडी वेदरफर्ड तिथे पियानो वाजवत. त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. अमेरिकेत ज्यांना पुढच्या दाराने आत घेतले नसते असे वादक ताजमध्ये संस्थानिकांना नाचवत होते, आणि या देशातला अस्पृश्य त्या दारापर्यंतही पोहोचत नव्हता.

११/ ब्लॅक पँथरचा स्वतःचा फंक बँड होता, ही गोष्ट आपल्या संग्राहकांना सहसा माहीत असते. ‘द लुम्पेन’ हे त्याचे नाव. पक्षाचे वृत्तपत्र विकणारे, पक्षाची रोजची कामे करणारे चार कार्यकर्ते. १९७० मध्ये त्यांनी तुरुंगातल्या बॉबी सील यांच्या सुटकेसाठी एक छोटी रेकॉर्ड काढली. ती आज जपून ठेवण्याची वस्तू आहे. चळवळीने गाणारे पथक तयार करावे, लोकांना ठाऊक असलेल्या ठेक्यावर नवे शब्द बसवावेत, सभेआधी गर्दी जमवावी : ही कल्पना ऐकून जो तरुण हरखतो, त्याला विचारावे की भीमराव कर्डक कोण होते.

१२/ १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्या मंडळींनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्यामागे सत्यशोधक जलशाची परंपरा होती. तमाशाचा साचा घेतला, त्यातला नाच वगळला. गणाच्या जागी नवे वंदन आले, वगाच्या जागी पाणवठा, शाळा आणि सावकार आले. पुढे वामनदादा कर्डक यांनी हजारो गीते लिहून ती खेड्यापाड्यांत गायिली. विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांचे आवाज रेकॉर्डवर आले. विद्यापीठाच्या नामांतरासाठी २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत जो लढा चालला, तो भाषणांइतकाच या गाण्यांवर चालला.

१३/ इथे एक आक्षेप हमखास येतो. ‘भीमगीते म्हणजे सिनेमाच्या चाली उचललेली गाणी, त्यांत सांगीतिक मूल्य काय?’ हा आक्षेप सोलच्या चाहत्याने घ्यावा हे विशेष. रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये चर्चमधल्या भक्तिगीताच्या चालीवर प्रेमगीत बसवले आणि त्या गाण्याला सोल संगीताचा आरंभ मानतात. ब्लूजच्या शेकडो तबकड्या त्याच बारा मात्राखंडांच्या चौकटीत, त्याच फिरत्या ओळींवर उभ्या आहेत.

१४/ आणि परदेशी जाण्याची गरज तरी काय? संगीत नाटकाच्या पदांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे नाव छापलेले असे. भास्करबुवा बखले यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली बांधल्या, त्याला मराठी रसिकाने प्रतिभा म्हटले, आणि रास्तच म्हटले. उसनी चाल नाटकगृहात प्रतिभा ठरते आणि वस्तीतल्या मांडवात नक्कल ठरते, तेव्हा आक्षेप चालीवर नसतो.

१५/ बालगंधर्वांच्या तबकड्यांचे क्रमांक, त्यांच्या आवृत्त्या, लेबलचे रंग पाठ असलेले जाणकार महाराष्ट्रात आहेत. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड-संग्राहकांची संस्था आहे आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ने मोलाचे काम केले. अमेरिकेतल्या पहिल्या गाजलेल्या ब्लूजचा क्रमांक वर दिला आहे. पहिली भीमगीताची रेकॉर्ड कोणती, कोणत्या साली, कोणाच्या आवाजात, क्रमांक काय, हे एखाद्या चांगल्या वाचलेल्या मराठी मित्राला विचारून पाहावे.

१६/ दोष एकट्या संग्राहकांचा नाही. शिकून वर आलेल्या वर्गालाही लाउडस्पीकरवरच्या भीमगीताची कधी लाज वाटली. हार्लेमच्या ब्लॅक स्वानची गोष्ट इथेही घडली. कवितासंग्रह कपाटात गेला, ईपी माळ्यावर.

१७/ माळ्यावर काय होते? लाखेची तबकडी पडली की फुटते. विनाइल फुटत नाही, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली आडवे ठेवले की वाकते. कॅसेटची फीत बुरशी धरते. ही शेवटची बाब विनाइलच्या अभिमान्यांनी नीट ऐकावी : १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि भीमगीतांचा खरा पूर तेव्हा आला. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवरच्या गाड्यांवर विकल्या गेलेल्या कॅसेटना विनाइलचा रुबाब नाही, म्हणून त्या वगळल्या तर निम्म्याहून अधिक इतिहास वगळला जाईल.

१८/ ‘पण बाजारभाव येईल तेव्हा लोक आपोआप जपतील’ असे कोणी म्हणेल. भाव येतो तेव्हा काय होते ते चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या रागांच्या रेकॉर्डने दाखवले. इथे ती कोणी विचारली नाही. एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये तिकडे पुन्हा निघाली आणि मगच आपल्याकडे लेख आले. त्यांच्या हयातीत घडले, एवढे समाधान. बहुतेकांच्या वाट्याला तेही येत नाही. शिवाय भाव आल्यावर वस्तू प्रथम वस्ती सोडते.

१९/ कायद्याची अडचण पुढे करणाऱ्यांसाठी : भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. त्यापूर्वीच्या तबकड्यांचे ध्वनिमुद्रण मोकळे झाले आहे. गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणून वामनदादांच्या वारसांची परवानगी लागेल. सूची करायला, क्रमांक टिपायला, लेबलचे छायाचित्र घ्यायला कोणाचीच लागत नाही.

२०/ जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात भंगारवाल्याकडे जे येते ते घरे रिकामी होताना येते. भीमनगर, उस्मानपुरा, नागसेनवनालगतच्या वस्त्या इथे घरी जाऊन विचारण्याचा काळ आज आहे. वस्तू विकत न घेता, तिथेच नोंदवून, तिथेच ठेवून. लेबल, क्रमांक, कडेला कोरलेली अक्षरे, गायक, कवी, साथीदार आणि कव्हरवर मालकाने शाईने लिहिलेले नाव, एवढे टिपले तरी पुष्कळ. बाबासाहेबांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या मराठी, इतिहास आणि नाट्य विभागांत असा एकेक प्रकल्प विद्यार्थ्यांना देता येतो. त्याला विशेष निधी लागत नाही.

२१/ पॅरामाउंटने काढलेली विली ब्राउन यांची १३०९९ क्रमांकाची तबकडी आजवर कोणालाही सापडलेली नाही. बक्षिसे लावूनही नाही. पण ती हरवली आहे हे माहीत आहे, कारण क्रमांक नोंदलेला होता.

२२/ वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीच्या मंचावर कोसळले. त्यांच्या मागे ढोलकी, पेटी आणि कोरसला बसलेली माणसे अजून काही आहेत, वय झालेली. त्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत : ध्वनिमुद्रण कुठे झाले, चाल कोणी बसवली, किती पैसे मिळाले, आणि रेकॉर्डवर तुमचे नाव छापले होते का.