हाली, कल्दार आणि दिर्हम

परतूर तालुक्यांतील आष्टी येथें एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या महिन्यांत आमचा दोन दिवस मुक्काम घडला. घर एकत्र, माणसें अकरा. धाकटे चिरंजीव इंजिनियर. पुण्याची नोकरी सोडून ते वर्षापूर्वीं दुबईस गेले आहेत. आम्ही पोंचलों त्याच सकाळीं मोबाइलवर त्यांचें लांबलचक पत्र आलें होतें, आणि तें वाचून ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वांचे चेहरे उतरले होते.

मजकूर एवढाच, कीं पत्नीस व पांच वर्षांच्या मुलीस आतां तिकडे न्यावें असें त्यांच्या मनांत आहे. मात्र तसें केल्यास घरीं पैसे पूर्वींसारखे येणार नाहींत.

त्यांचा पगार नऊ हजार दिर्हम. हा आंकडा प्रथम कळला तेव्हां घरांत काय झालें असेल, तें वाचकांस सांगावयास नको. दिर्हमाचे चोवीस रुपये धरून कोणीं तरी गुणाकार केला, दोन लक्ष सोळा हजार आले, आणि त्याच संध्याकाळीं घरावर माडी चढविण्याची गोष्ट निघाली. गुणाकार बरोबर होता. पण रुपयांत मोजावयाची ती शिल्लक. पगार ज्या गांवीं खर्च व्हावयाचा, त्या गांवच्याच नाण्यांत मोजावा लागतो.

घरांतील आजी नव्वदीला टेकलेल्या आहेत. त्यांना हें कोणीं समजावून द्यावें लागलें नाहीं. त्यांच्या लहानपणीं निजामच्या राज्यांत हाली शिक्क्याचा रुपया चाले, आणि पलीकडे वऱ्हाडांत इंग्रजी कल्दार. शंभर कल्दारांस हाली रुपये पडत एकशें सोळा, वर दहा आणे आठ पै. आजींचें माहेर बुलढाण्याकडचें. त्या म्हणाल्या, "माझे वडील इकडे आले कीं कल्दाराचा मोठा मान. पण तिकडे घरभाडं आणि ज्वारी कल्दारांतच घ्यावी लागे, तिथं कुठला आलाय मान?"

गंमत अशी, कीं आज ज्या अरबी मुलुखांतल्या नाण्याचें आपणांस एवढें अप्रूप, तेथें एके काळीं आपलाच रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारानें भारताची गंगाजळी आटूं लागली, म्हणून १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें आखाती देशांपुरत्या निराळ्या नोटा काढल्या. पुढें १९६६ च्या जूनमध्यें रुपयाचें अवमूल्यन झालें आणि तेथील संस्थानांनीं आपआपलीं नाणीं केलीं. दिर्हम आला १९७३ सालीं. १९९७ पासून तो डॉलरशीं ३.६७२५ या दरानें बांधलेला आहे. सारांश, दिर्हम जागच्या जागीं असतो, चढउतार होतो तो रुपयाचा.

आतां पत्रांतील हिशेबाकडे वळूं. चिरंजीव एकटे राहत होते तेव्हां दुसऱ्यांबरोबर एका खोलींत केवळ खाटेपुरती जागा घेऊन होते. त्या जागेचे नऊशें, खानावळीचे नऊशें, जाण्यायेण्याचे, फोनचे व किरकोळ मिळून बाराशें. असा तीन हजारांत महिना निघे. उरत सहा हजार, म्हणजे एक लक्ष चव्वेचाळीस हजार रुपये. आष्टींत ज्या पैशांवर माडीची विटा-सिमेंट मोजली जात होती, ते हे पैसे.

कुटुंब नेल्यावर मात्र चित्र पालटतें. शारजा दुबईहून स्वस्त, म्हणून तेथें एक शेजघर व एक दिवाणखाना असें बिऱ्हाड त्यांनीं पाहिलें, त्याचें वार्षिक भाडें छत्तीस हजार. दुबईंत तसेंच घर घ्यावें तर भाडें पुष्कळ अधिक, शिवाय वार्षिक भाड्याच्या शेंकडा पांच इतका आकार वीज-पाण्याच्या बिलांतून निराळा. पण शारजांत राहून दुबईस कामाला जावयाचें म्हणजे वाचलेल्या पैशांचा कांहीं भाग रस्त्यावर आणि संध्याकाळचा एखाद-दीड तास गर्दींत जातो. भाडें दरमहा देण्याची तेथें सहसा रीत नाहीं. पुढील तारखांचे चार चेक आधींच लिहून द्यावे लागतात. पहिला चेक, अनामत, दलाली, विजेची ठेव आणि चार भांडीं-खाटा मिळून उंबरठा ओलांडण्यापूर्वींच दोन महिन्यांचा पगार खलास.

मग दरमहा भाड्याचे तीन हजार, वीज-पाण्याचे साडेचारशें (उन्हाळ्यांत वातानुकूलन बंद ठेवण्याची सोय नाहीं), वाणसामान, भाजी व दूध दीड हजार, मुलीची शाळा व शाळेची बस एक हजार, यांचें जाणेंयेणें सहाशें, फोन-इंटरनेट चारशें. विमा, व्हिसाचे खर्च व सुटींतील विमानाचीं तिकिटें यांस महिन्याकाठीं सातशें बाजूस टाकावयाचे, आणि किरकोळ साडेतीनशें. झाले आठ हजार. उरला एक हजार, म्हणजे चोवीस हजार रुपये. तुरीची डाळ, ज्वारीचें पीठ, गोडा मसाला सर्व तेथें मिळतें. संसार बुडतो तो स्वयंपाकघरांत नव्हे, घरभाड्यांत व शाळेंत.

प्राप्तिकर नाहीं, हें खरें. परंतु १ जानेवारी २०१८ पासून खरेदीवर शेंकडा पांच कर आहे. पुण्यास मालक भविष्यनिर्वाह निधींत आपला हिस्सा घाली, तो येथें नाहीं. त्याऐवजीं नोकरी सुटतांना पहिल्या पांच वर्षांस दरसाल एकवीस दिवसांचा व पुढें तीस दिवसांचा पगार मिळतो, तोहि मूळ पगारावर. म्हणून करारांत मूळ पगार किती व भत्ते किती, हें सही करण्यापूर्वीं वाचावें. बहुतेक मुलें एकूण आंकडाच वाचतात! आणि सगळा अरब मुलूख एक समजूं नये. सौदी अरेबियानें २०१७ च्या जुलैपासून परदेशी नोकरदाराच्या घरच्या प्रत्येक माणसामागें दरमहा शंभर रियाल आकार बसविला व २०२० पर्यंत तो चारशेंवर नेला. खरेदीवरील कर त्याच वर्षीं शेंकडा पंधरा झाला. तेथें हाच संसार आणखी जड जाता.

दुपारीं अण्णांनीं हा सारा हिशेब मोठ्यानें वाचला. थोरले चिरंजीव म्हणाले, आणखी दोन वर्षें एकट्यानें काढावीं, माडी होऊन जाईल. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग धाकट्या सूनबाई दाराआडून म्हणाल्या, "मामंजी, माडी दोन वर्षांनीं झाली तर चालेल. पोरगी फोनमधल्या बाबांना जेवायला ये म्हणते."

आमचें मत विचारण्यांत आलें. आम्ही सांगितलें, कीं एक लक्ष वीस हजारांचा हा फरक म्हणजे तोटा नव्हे, एका बिऱ्हाडाची ती किंमत आहे. मात्र ती भरावयाची तर आष्टींतल्यांनींहि दरमहाच्या रकमेवरचा डोळा काढावा. थोरल्यांस हें फारसें रुचलें नाहीं, आणि त्यांत त्यांची चूक नाहीं. अकरा माणसांचें घर व शेती तेच ओढतात. अखेर अण्णांनीं गवंड्यास निरोप धाडला, कीं यंदा काम नाहीं.

संध्याकाळीं बांधाबांध निघाली. आजींनीं अनारशांचें पीठ भिजविण्याची आज्ञा दिली, तेव्हां आम्हांस एक गोष्ट आठवली ती सांगितली: खसखस त्या देशांत नेण्यास सक्त मनाई आहे, बॅगेंत चिमूटभर सांपडली तरी तुरुंगाची वेळ येऊं शकते. डिंकाच्या लाडवांतहि ती घालूं नये. आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग थोरल्या सुनेस म्हणाल्या, "तिळावर थापा."